गोड वासाचं पिंप

भिवंडी तालुक्यात माझ्या मामेसासऱ्यांइतका भित्रा माणूस दुसरा झाला नाही, आणि पुढेही व्हायचा नाही. भीती तशी प्रत्येकाला असते; कुणाला सापाची, कुणाला साहेबाची, कुणाला घरातल्याच माणसांची. मामांनी असली निवडानिवड ठेवली नव्हती. समोर येईल त्या वस्तूला ते आधी घाबरून घेत आणि मग ती काय आहे ते बघत. एस.टी.त पुढे बसत नसत, कारण टक्कर समोरून होते. मागे बसत नसत, कारण मागून ट्रक येतो. मध्ये बसले, तरी कशेळीचा पूल आला की उठून दाराशी उभे राहत, म्हणजे गाडी खाडीत गेलीच तर उडी मारायला बरं. पूल संपल्यावर परत येत, तोवर त्यांच्या जागेवर दुसरं कुणी ऐसपैस बसलेलं असे. 'पोहता येतं का तुम्हाला?' असं मी एकदा विचारलं. 'न्हाय,' ते म्हणाले, 'पाण्याची भीती वाटते म्हनून शिकलोच न्हाय.'

त्यांना पाणी देणं हा यजमानाच्या सहनशक्तीचा कस होता. पेला हातात घेऊन ते आधी उजेडात धरत, मग नाकाशी नेत, मग थेंबभर ओठाला लावून डोळे मिटून बसत. माझ्या आईने पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा ती आत येऊन माझ्यावर चिडली, की तुझ्या सासरच्या लोकांना आपलं पाणी चालत नाही का? दाराचंही तसंच. बंद दार उघडलं की मामा एकदम आत जात नसत. दार ढकलून बाजूला सरकत, भिंतीला पाठ लावत, मनात वीस आकडे मोजत आणि मग डोकावत. आमच्याकडे एका दिवाळीत पहाटेच्या अभ्यंगस्नानाला आठ माणसं रांगेत कुडकुडत असताना मामा न्हाणीघराबाहेर वीस आकडे मोजत होते. मामी बिचारी सगळ्यांची माफी मागत फिरत होती.

माझी आणि त्यांची पहिली भेटच मुळी विचित्र होती. मी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, कुणी शिक्षण विचारलं, कुणी पगार विचारला. कोपऱ्यात तोंडाला रुमाल लावून बसलेले एक उंच, काटकुळे गृहस्थ मुलीचे मामा आहेत असं कळलं. कुणीतरी त्यांना म्हणालं, तुम्हीही काही विचारा. ते उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, 'नखं दाखवा.' मी दाखवली. त्यांनी माझी दहाही नखं खिडकीशी नेऊन पाहिली, माझा खालचा ओठ बोटाने जरासा खाली ओढला, आणि वळून जाहीर केलं, 'पोरगा चांगला हाय.' मला वाटलं, हा माणूस म्हशी बघायला जात असणार. नंतर कळलं की ते भेटणाऱ्या प्रत्येकाची नखं आणि ओठ बघत. का बघत, ते मात्र कुणाला सांगत नसत.

मामांनी वीस वर्षं एका रंगाच्या कारखान्यात गोदाम सांभाळलं होतं. नारपोलीहून पूर्णा गावाकडे जाताना डाव्या हाताला तो कारखाना लागायचा. मालक कुठेतरी निघून गेला, कारखान्याला टाळं लागलं, आणि पाच-सहा वर्षांत तिथे नुसते सांगाडे उरले. मी तेव्हा एका लूमवाल्या शेठकडे सुपरवायझर होतो. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत भिवंडीत रोज कुठेतरी नवी शेड उभी राहत होती, आणि आमच्या शेठने ती कारखान्याची जागा घेतली. मला बोलावून म्हणाला, 'अक्षय्य तृतीयेला नारळ फुटला पाहिजे. तोवर जागा तळहातासारखी साफ कर.' हाताशी बारा मजूर आणि रहमत नावाचा मुकादम. मला वाटलं, गवत कापायचं, विटा उचलायच्या, भंगार बाहेर काढायचं, झालं.

पहिल्याच दिवशी तो हिशेब चुकला. रस्त्यापलीकडच्या शेडमधला लूमचा खडखडाट फाटकाच्या आत शिरलं की कमी होई आणि कानांना उगाच काहीतरी हरवल्यासारखं वाटे. माती कुठे निळी, कुठे किरमिजी, कुठे शेवाळासारखी हिरवी. रस्त्यावरची कुत्री फाटकापर्यंत येत, नाक वर करत आणि मागे फिरत. सिमेंटच्या हौदांत काळं पाणी होतं आणि त्या पाण्यावर भर उन्हाळ्यात एक डास नव्हता. भिवंडीत डास नसलेलं पाणी मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी मजुरांचे पाय घोट्यापर्यंत जांभळे झाले, आणि घरी आल्यावर मी तीनदा साबण लावूनही माझ्या बोटांचा वास जाईना.

बायको म्हणाली, 'मामांना विचारा ना. त्यांना तिथलं सगळं ठाऊक आहे.' मी नारपोलीतच दोन गल्ल्या सोडून असलेल्या त्यांच्या घरी गेलो. कारखान्याचं नाव काढताच मामांनी माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला, मग दुसऱ्या कडीचा. मी रागावून परत आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी साइटवर पोचलो तर फाटकाबाहेर मामा उभे होते. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, तोंडाला ओला रुमाल, हातात काठी, खांद्याला पिशवी. 'आलात शेवटी,' मी म्हणालो. 'तुमची बायको माझी भाची हाय,' ते म्हणाले. 'उद्या तुम्हाला काय झालं तं मी तिला तोंड कसा दाखवू?'

त्या दिवसापासून माझ्या साइटवर मामांचं राज्य सुरू झालं. पिशवीतून त्यांनी गुळाची ढेप काढली आणि तिचे बोराएवढे खडे करून संध्याकाळी जागोजागी मातीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत प्रत्येक खडा पाहिला. ज्या खड्याला मुंग्या लागल्या होत्या तिथे म्हणाले, 'खणा.' ज्याला एकही मुंगी नव्हती त्याभोवती चुन्याची रेघ मारली आणि म्हणाले, 'हितं पाय नको.' 'मामा, आप तो हवा से भी डरते हो,' रहमत म्हणाला. 'हवेलाच डरायचा रं,' मामा म्हणाले, 'भिंत काय अंगावर चालून येते?' रहमत हसला, पण बिडी ओढायला त्या दिवशी तो रेघेच्या पार लांब जाऊन उभा राहिला.

आत कुणी जेवायचं नाही, कुणी पाणी प्यायचं नाही. जेवण रस्त्यापलीकडच्या झाडाखाली, आधी राखेने आणि मग साबणाने हात धुऊन. जेवल्यावर सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, आणि मामा एकेकाची नखं, ओठ बघत पुढे सरकायचे. बाया पदर तोंडात धरून हसत. पूर्णा गावची हिराबाई सगळ्यांत जास्त हसायची. 'मामा, नखं रंगवून येवू का उद्या?' असं विचारायची. मामा तिलाही तितक्याच गंभीरपणे म्हणायचे, 'नको बाय, मंग मला दिसायचा न्हाय.' मी वरवर वैतागत होतो, कारण तासभर काम बंद पडे. खरं सांगायचं तर रात्री अंथरुणावर पडल्यावर मीही माझी नखं दिव्याखाली धरून बघायला लागलो होतो.

आमचं भांडण झालं ते पिंपांवरून. मागच्या शेडमध्ये बेचाळीस रिकामी लोखंडी पिंपं निघाली. तेव्हाच्या भिवंडीत पिंप म्हणजे घरातलं माणूसच. नळाला पाणी येणार कधी, जाणार कधी याचा नेम नाही. दाराशी पिंप नाही असं घर सापडणार नाही. लग्न निघालं की अख्खी आळी आपापली पिंपं गडगडवत लग्नघरी नेऊन उभी करणार. मजुरांचे डोळे त्या बेचाळीस पिंपांवर खिळले होते. मामांनी टिकाव मागवला आणि सांगितलं, प्रत्येकाच्या तळाला भोक पाडल्याशिवाय एकही पिंप फाटकाबाहेर जाणार नाही. 'अहो मामा, धुऊन घेतील की,' मी म्हणालो. 'धुवून जात असता तं मी वीस वर्सं हात धुतले असते का?' ते म्हणाले. स्वतः टिकाव उचलायची त्यांना भीती, कारण ठिणगी उडेल. मग आधी प्रत्येक पिंप पाण्याने भरून, उलटं करून, दोन दिवस उन्हात ठेवून मग फोडायचं असा त्यांनी बेत आखला. मी कपाळावर हात मारला.

त्यातच मामांची दाढ सुजली. दाताच्या डॉक्टरची भीती त्यांच्या यादीत फार वरची होती, त्यामुळे गालाला फडकं बांधून ते तीन दिवस घरी पडून राहिले. दुसऱ्या दिवशी हिराबाई माझ्याकडे आली. तिच्या पोरीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. 'सायेब, येक पिंप द्या. पंगतीला पाणी कमी पडंल. मामा हायत तवर मिळायचा न्हाय.' मला तिची दया आली. त्याहूनही, मामांच्या माघारी साइटवर माझा शब्द चालतो हे दाखवायची मला हौस आली. मी तिच्याबरोबर मागच्या शेडमध्ये गेलो आणि आम्ही दोघांनी एकेका पिंपात नाक घालून पाहिलं. सगळ्यांतून भपकारा येत होता. फक्त भिंतीकडच्या एका पिंपाला गोड, बदामासारखा वास होता, वासाच्या साबणाची वडी नुकतीच उघडावी तसा. 'हा बेस हाय,' हिराबाई म्हणाली. मीच ते निवडलं. माती आणि धुण्याच्या सोड्याने तीनदा घासायला सांगितलं आणि रहमतला हातगाडीवर चढवून द्यायला लावलं. घरी जाताना एखादं पुण्यकर्म केल्यासारखी माझी छाती फुगली होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी मामा गाल धरून साइटवर हजर झाले. निम्मे मजूर लग्नाला गेले होते, मीही बाराच्या सुमारास जेवायला जाणार होतो. मामांनी पिंपं मोजली. परत मोजली. 'एक कमी हाय,' ते म्हणाले. मी म्हणालो, 'चोरीला गेलं असेल.' ते मागच्या शेडमध्ये गेले आणि भिंतीजवळच्या मातीत पिंपाचा गोल ठसा होता त्याच्यासमोर उभे राहिले. मग माझ्याकडे वळले.

'जावईबापू, त्याला वास कसला व्हता?'

मी त्या ठशाकडे बघत राहिलो.

'गोड व्हता का?'

मग मी सगळं सांगून टाकलं. मामा मटकन खाली बसले, त्या मातीत, जिथे ते कुणाला पाय ठेवू देत नसत. आणि वीस वर्षांत कुणाला न सांगितलेलं त्यांनी मला सांगितलं. गोदामात त्यांच्याबरोबर एक जोडीदार होता, जिवाभावाचा. दिवाळी आली होती. त्याला डोक्याच्या तेलात घालायला काहीतरी वासाचं हवं होतं. मामांनी त्या गोड पिंपातलं बाटलीभर काढून त्याला दिलं. 'मीच दिला. वास चांगला व्हता म्हनून.' जोडीदाराने ते तेलात मिसळून डोक्याला, अंगाला चोळलं. दुपारी डोकं दुखतं म्हणून निजला. मामा बघायला गेले तेव्हा त्याचे ओठ आणि नखं जांभळी पडली होती, जांभळं खाल्ल्यासारखी. 'मी हसलो जावईबापू. म्हनलो, दिवालीत जांभला कुठली खाल्लीस? सांजला तो गेला.'

घड्याळात साडेअकरा झाले होते. आज हिराबाईच्या दारात दीडशे माणसं जेवणार होती, पोरंबाळं धरून, आणि ते पाणी मी दिलेल्या पिंपात भरलेलं होतं. मी सायकल काढली. मामा जन्मात कधी सायकलवर बसले नव्हते. ते मागच्या कॅरिअरवर बसले, डोळे घट्ट मिटले आणि माझा शर्ट मुठीत धरला. समोरून ट्रक अंगावर आल्यासारखे येत होते, धूळ उडत होती, माझे पाय पेडलवरून घसरत होते. मामांच्या तोंडून आयुष्यात मी 'सांभाळून' आणि 'हळू' हे दोनच शब्द ऐकले होते. त्या दिवशी ते सारखे एकच म्हणत होते, 'जोरात. जोरात चालवा.'

मांडवात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. पत्रावळी मांडल्या होत्या, माणसं बसायला लागली होती. पिंप मांडवाच्या कडेला सावलीत उभं होतं. त्याला हळदीकुंकवाची बोटं लावलेली, गळ्यात आंब्याची पानं. तोवर लोक घरातल्या माठांचं पाणी पीत होते. पिंपाचं गार पाणी पंगतीसाठी राखलं होतं. आचारी त्यातनं पहिली कळशी भरून पन्ह्याच्या पातेल्याकडे निघाला होता आणि कौतुकाने कुणाला तरी सांगत होता, 'वेलची टाकायची गरजच न्हाय, पाण्यालाच वास हाय.'

मामांनी त्याच्या हाताला हिसडा देऊन कळशी उलटी केली. मांडवाचे खांब रोवायला आणलेली पहार कोपऱ्यात उभी होती. ठिणगीला भिणाऱ्या त्या माणसाने ती दोन्ही हातांनी उचलली आणि पिंपाच्या बुडाशी घातली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पत्रा फाटला. पाणी भसकन बाहेर आलं, पत्रावळी तरंगायला लागल्या, बाया किंचाळत उठल्या. त्या पाण्यात नाचायला धावलेल्या उघड्या पायांच्या पोरांना मामा दंडाला धरून बाहेर फेकत होते. पिंप कलंडलं. मी डोकावलो. तळाशी, घासणी न पोचलेल्या पत्र्याच्या खाचेत, पाण्याखाली बसलेलं पिवळसर तेल होतं, आणि त्याला तोच गोड वास होता.

लग्नाच्या मांडवात पूजलेलं पाण्याचं पिंप फोडणं, याहून मोठा अपशकुन त्या लोकांना ठाऊक नव्हता. नवरीच्या चुलत्याने मामांच्या सुजलेल्या गालावर मारलं. आणखी दोघांनी धक्के दिले. मामा मार चुकवत नव्हते; ते मारणाऱ्याचा हात धरून त्याची नखं बघत होते. 'कुनी पेला का? सांगा, कुनी पेला का?' असं विचारत ते नवरीपर्यंत गेले, आणि हळदीने पिवळ्या झालेल्या त्या पोरीचे ओठ बघून तिथेच रडायला लागले. 'येडा हाय,' लोक ओरडले. तेवढ्यात हिराबाई माझ्यापुढे आली. तिच्या डोळ्यांत आग होती. 'सायेब, पिंप तुमी दिलाय. तुमीच सांगा. काय खराबी व्हती त्याच्यात?'

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. दीडशे माणसं, त्यात पहार आता दुसऱ्याच कुणाच्या हातात. मी तळ पाहिला होता. मला सगळं माहीत होतं. शेठ, नोकरी, पोलीस, तो चुलता, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, आणि मी म्हणालो, 'मामांची तब्येत बरी नाही.'

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गालावरचं फडकं सारखं केलं आणि मान हलवून म्हणाले, 'व्हय. माझी तब्येत बरी न्हाय. माफ करा.' मग ते फुटकं पिंप त्यांनी एकट्याने ओढत साइटवर आणलं. मी सायकल हातात धरून मागून चालत होतो.

जागा वेळेवर साफ झाली. म्हणजे वरून झाली. मामांनी चुन्याची रेघ मारलेल्या मातीवर शेठने सिमेंट ओतलं आणि त्यावर लूम बसवले. नारळ फुटला तेव्हा मामा आले नव्हते. पूर्णा गावात त्यांचं नाव 'येडा मामा' पडलं. त्यांना पाहून पोरं नखं पुढे करत आणि पळत. त्या दिवशी कुणी मेलं नाही, म्हणून मामांचं खरं होतं हे कुणाला कळायचा प्रश्नच आला नाही. ज्या एकाला ठाऊक होतं तो पगार घेत होता आणि गप्प होता. मला आजही स्वतःची लाज वाटते, आणि ती कमी होईल असंही वाटत नाही.

वर्षभराने हिराबाईची पोर बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं मला आलं, मामांना अर्थातच नव्हतं. पाळण्यात मूल घातलं, बायांनी नाव घेतलं, घुगऱ्या वाटल्या. हिराबाई मागचं सगळं विसरून हसत होती. आता सांगावं, असं मी मनाशी दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा कुणीतरी हातात चहा दिला, आणि मी तो प्यालो.

बाहेर पडलो तर वेशीपाशी भर उन्हात मामा उभे होते. गावात शिरले नव्हते. तोंडाला रुमाल होताच. मला वाटलं आता विचारतील, सांगितलंत का. मी मान खाली घातली.

'पोर रडते का?' त्यांनी विचारलं.

'रडते.'

'जोरात?'

'इतकी जोरात, की नाव ऐकू आलं नाही कुणाला.'

मामांनी रुमाल काढला. ते हसत होते. 'मंग बरा हाय,' म्हणाले, आणि रस्त्याच्या कडेकडेने नारपोलीची वाट चालू लागले.